ती उठली तर

रविवार, ६ एप्रिल. सांगली

ह्यांचं प्लास्टर महिनाअखेरपर्यंत तरी राहणार. मार्केटयार्डापाशी स्कूटर घसरली, डावा पाय. बायको नर्स असली की घरात पेशंटला सगळं फुकट.

आज मी चर्चहून आल्यावर हे म्हणाले, "औंदा साताऱ्याला तू जातीस का? शनवारी चुना तेवढा मारून ये." जसं काही दळण आणायला सांगतायत.

ईस्टरच्या आदल्या दिवशी हे एसटीनं साताऱ्याला जातात. पहिल्या बायकोच्या कबरीला स्वतःच्या हातानं चुना मारतात, लेकीकडे मुक्काम, पहाटेची उपासना तिथल्या कबरस्तानात, दुपारी परत. आमच्या लग्नाआधीच ह्यांची बदली सांगलीला झाली, कबर तिकडंच राहिली. एकही ईस्टर आम्ही बरोबर केलेला नाही. हे कधी चल म्हणाले नाहीत, मी कधी येते म्हटलं नाही.

"दूध उतू जातंय," म्हणून मी उठले. दूध फ्रिजमध्ये होतं.

मंगळ., ८

क.चा फोटो पुसला. (पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही. क. पुरे.) टीव्हीच्या वर असतो. कॉयरमध्ये गायची म्हणे, फोटोतही तोंड किंचित उघडं.

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही हा मोठा घोळ आहे. तिची आमटी कधी खारट होत नाही. तिचे गुडघे दुखत नाहीत, ती घोरत नाही, नाइट ड्यूटीहून येऊन दार आपटत नाही. माझ्या हातचं खाऊन हे "बरं हाय" म्हणतात. कोणापेक्षा कमी, ते मला कळतं.

जळते मी. लिहून टाकलं एकदाचं. वॉर्डात सगळे म्हणतात, सिस्टर किती शांत.

गुरु., १०

आक्काचा जतहून फोन. टँकर आला नव्हता, डोकं आधीच तापलेलं. तिला चुन्याचं सांगितलं.

"आगं, मेलीया ती! मेलेल्या बाईवर कसली जळतीस?"

म्हटलं, "आक्का, मेलेली उठत्यात असं आपुनच म्हनतो न्हवं? त्याचाच तर सण हाय."

आक्का म्हणाली, "तुझं डोस्कं फिरलंय. टँकर आला बघ," आणि ठेवला.

झावळ्यांचा रविवार, १३

मुलांनी झावळ्यांनी एकमेकांचे डोळे फोडायचे तेवढे बाकी ठेवले. मग सगळे उभे राहून मतांगीकार, म्हणजे आम्ही काय काय मानतो त्याची पाठ केलेली कबुली. देहाच्या पुनरुत्थानाच्या वाक्याला मी याही वेळी गप्प. बाकीचं सगळं म्हणते, तेवढं गिळते. लग्न झाल्यापासून असंच. शेजारच्या बाई पाढे म्हटल्यासारखं म्हणून मोकळ्या होतात. अख्ख्या चर्चमध्ये ते खरं धरून चालणारी मी एकटीच असेन.

खरं असेल तर क. उठणार. गातच उठणार. हे तिच्याकडे धावणार, प्लास्टर-बिस्टर काही नसणार तेव्हा. आणि मी? पर्स सांभाळत उभी.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. एका बाईची सात भावांशी एकामागून एक लग्नं झाली, ती पुनरुत्थानात कोणाची, ही शुभवर्तमानातली गोष्ट काढली. खूश झाले, एवढं कोण विचारतं. "तिथं नवरा-बायको असं काही उरतच नाही, सिस्टर. काळजी सोडा."

म्हणजे हे तिचे नाहीत. चला, बरं झालं.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, म्हणजे माझेही नाहीत.

गुड फ्रायडे, १८

तीन तासांची उपासना करून आले, पोटात काही नाही. हे कॉटवर, फोन स्पीकरवर. साताऱ्याच्या कबरस्तान कमिटीचे अण्णा. तिकडे जागा संपलीय, आता जुनी कबर उघडून घरच्या माणसाला त्यातच ठेवायचं ठरलंय. अण्णा म्हणत होते, "तुमचं नाव हायच की तितं. बाईंचंबी लावू का? तिगंबी एका ठिकाणी, सोयच झाली."

मी चपला घालूनच उभी.

"कवा लावलं नाव?"

"ती गेली तवाच. शबूद दिला हुता तिला."

"आन मला कसला दिला?"

"आगं, तुझंबी त्यातच हुईल की."

"खाली ती, वर तुमी, आन तुमच्यावर मी झाकण?"

हसले! मी नाही हसले. आतल्या खोलीत जाऊन रडले. रडायचाच दिवस होता, शेजाऱ्यांना वाटलं असेल प्रभूसाठी.

एवढंच ऐकायचं होतं मला: मी इथं सांगलीत तुझ्याशेजारी निजेन. नुसतं म्हणायला काय जात होतं. खोटं का होईना, मी…

शनि., १९. सातारा

आले. चुना मारायला नाही, बघायला. माझ्या नवऱ्यानं कुठली जागा धरून ठेवलीय ते.

एसटीत इस्लामपूरपर्यंत उभी. स्टँडवर मला घ्यायला शालू आली होती, ह्यांची लेक. स्कूटीवर पायांपाशी भिजवलेल्या चुन्याची बादली, वर कुंचा. माझं लग्न झालं तेव्हा शाळेत होती, तेव्हापासून मला मावशी म्हणते. आई कधी म्हणाली नाही, मीही मागितलं नाही.

कबरस्तानात जत्रा. घरंच्या घरं आपापल्या कबरी रंगवतायत, नीळ घातलेला चुना, झेंडूचे हार, थर्मासमधला चहा. शेजारच्या कबरीवरची बाई म्हणाली, "तुमी कोण हिच्या? भैन?"

"माझ्या नवऱ्याची बायको ही," म्हटलं. तिचा कुंचा हवेतच थांबला.

कबर केवढीशी. मला उगाच वाटायचं मोठी असेल. नावाखाली वय कोरलंय, चौतीस. माहीत होतं मला, पण दगडावर बघणं वेगळं. आमच्या वॉर्डातल्या कितीतरी पोरी असतात एवढ्या. शालूच आता तिच्यापेक्षा थोराड दिसते. बिचारी, असं मनात येतंय तोवर दुसरं आलं: ही उठणार ती चौतिशीची, आणि मी गुडघे धरून. झालं, पुन्हा जळले.

शालू जुना चुना खरवडत होती. खाली बघतच म्हणाली, "मावशी, मला तिचा आवाज आठवत न्हाई वो. लोक म्हणतात लय ग्वाड हुता. मी डोळं मिटून बसते, तर तुमचाच ऐकू येतो. औषध घेतलंस का, म्हणणारा." आणि परत खरवडायला लागली.

मी कुंचा घेतला. एक हात मारला, वाळल्यावर दुसरा. शालू म्हणे, "बाबा एकच हात मारतात." मग तर तिसराही मारणार होते, चुना संपला. हातमोजे वॉर्डात डझनानं असतात, एक आणायचं सुचलं नाही. बोटं भाजली.

संध्याकाळी ह्यांचा फोन. "कशी हाय?"

"कोण?"

"कबर गं."

"पांढरी हाय," म्हटलं.

ईस्टर, २०. सातारा

पहाटे अंधारात प्रत्येक कबरीवर मेणबत्ती. तिकडच्या पाळकांचा आवाज बसलेला. "प्रभू उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" मग नेहमीचीच गोष्ट. बायका सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या, पाहतात तर कबर रिकामी.

आमचा सगळा सण म्हणजे ती रिकामी कबर. आणि मी इथं हिच्या कबरीपाशी उभी, ही भरलेलीच राहू दे म्हणत. दर ईस्टरला सांगलीत बसून मी हेच तर मागते. एका पोरीनं मातीतच राहावं. शालूला तिचा आवाज परत कधी ऐकू येऊ नये. असं सरळ मांडून कधी पाहिलं नव्हतं.

आणि ती उठणार नसेल तर मीही नाही. हेही नाहीत. आईदादाही नाहीत. यातलं सुटं काही मिळत नाही, घ्यायचं तर सगळं.

मतांगीकार आला. शालूची मेणबत्ती विझली होती, माझ्या मेणबत्तीवर पेटवत होती. ते वाक्य आलं आणि मी म्हटलं. नको इतक्या मोठ्यानं. शालू दचकली, मेण तिच्या हातावर सांडलं.

करुणाबाई, उठा. उठा, माझं काही म्हणणं नाही. पण उठल्याबरोबर ह्यांच्याकडे बघू नका. आधी लेकीकडे बघा.

मग उजाडलं. उकडलेली अंडी, पाव, चहा. कालची ती बाई मला स्वतःजवळचं एक अंडं देऊन गेली.

सोम., २१. सांगली

दुपारची ड्यूटी. त्याआधी ह्यांनी माझा हात ओढून घेतला, बोटांना खोबरेल लावत बसले. "चुन्यात बोटं घालत्यात व्हय? कुंच्याला काठी बांदायची."

"तिनं घातली असती का?"

"तिला मी कवा असलं काम करू दिलं न्हाई."

जळले. लगेच. प्रभू उठून एक दिवस झाला नाही आणि मी परत तिथंच. हात ओढून घेणार होते, ह्यांनी सोडला नाही.

"आण्णांचा फोन आलता. तुझं नाव लावायचं का म्हनत हुते."

"मग?"

"म्हटलं, तिला इचारतो." अंगठ्याला तेल लावत होते, मान वर केली नाही. "तू म्हनशील तितं, गं. तू सांगली म्हन, म्या सांगली. आण्णास्नी सांगतो, माझं नाव काडा."

"आन तिला दिलेला शबूद?"

"ती भेटली की सांगीन तिला."

शुक्रवारी हे म्हणाले असते तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगली म्हटलं असतं. आज त्या पांढऱ्या कबरीत एकटी ती पोर दिसायला लागली, आणि तिच्याशेजारी हे, आणि हे दिसल्याबरोबर परत पोटात आग. बोटांतलं तेल जिरलं. हे वाट बघत होते.

"दूध उतू जातंय," म्हटलं.

या वेळी खरंच गॅसवर होतं.