पावणेदोन तासांचं अंतर

पाडांग पांजांग,
८ जानेवारी

चि. यनवार यास तुझ्या थोरल्या बहिणीचे सलाम व अ. उ. आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी भाची येल्मी हिचं लग्न ठरतंय. ठरतंय म्हणजे अडलंय. काल मुलाकडचे आले. त्यांच्या मामाने रीतीप्रमाणे लांबलचक भाषण केलं आणि उत्तरासाठी आपल्या मामाच्या गादीकडे पाहिलं. गादीवर मांजर होतं. ते एकदा म्याव म्हणालं. तुझ्यापेक्षा बोलकं आहे, पण मामा म्हणून त्यांनी ते धरलं नाही. रमझानच्या आधी मामा बसला नाही तर दुसरं घर बघू, असं गोड हसून, रेंदांगची पातेली रिकामी करून गेले. येल्मी तेव्हापासून बोलत नाही.

जकार्ताहून विमानाला पावणेदोन तास लागतात म्हणे. केस विंचरायला तू एवढाच वेळ घ्यायचास. लोभ असू दे, नसला तरी ये.

तुझी,
उनी

जकार्ता,
१५ जानेवारी

ती. उनीस यनवारचा सलाम, वि. वि.

पत्र पावलं. मांजराला आशीर्वाद.

पावणेदोन तास हे नुसते विमानाचे. घरापासून विमानतळ तीन तास, कारण जकार्तात रस्ते उभं राहण्यासाठी असतात. तिथे दोन तास आधी पोचायचं. उतरल्यावर सामान पट्ट्यावर येईपर्यंत अर्धा तास, मग तुमचा डोंगर चढायचा. दिवस संपला की! इथे खानावळीत एवढी गर्दी की मलाच जेवायला उसंत नाही. मावसभावांपैकी कोणाला तरी बसवा.

लोभ आहेच, तो वाढवावा.

आपला,
यनवार

पाडांग पांजांग,
२२ जानेवारी

चि. यनवार यास अ. उ. आ.

तुझा हिशेब येल्मीला वाचून दाखवला. तेव्हा कुठे पोरगी बोलली. म्हणाली, मामा आजारी तर नाही ना? इतकी भाबडी आहे.

बसने तीन दिवस लागायचे, वाटेत समुद्र होता, तेव्हा दर ईदला ओकत ओकत यायचास. विमान आलं आणि तू लांब गेलास. सहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस.

असो. अंतर दोन्हीकडून सारखंच असतं, एवढं माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळतं. तेव्हा आम्हीच येतो. मुलाकडचे सगळे, आपले सगळे, शिवाय मांजर. बैठक तू पाठवलेल्या फोटोतल्या तुझ्या दुमजली घरात. गाद्या असतीलच.

कळावे,
उनी

जकार्ता,
२७ जानेवारी

उनी,

येऊ नका. ते घर मालकाचं आहे. माझी खानावळ दोन वर्षांपूर्वी बुडाली, आता मी त्याच्या चुलीवर रांधतो. परमुलखात कमवायला गेलेला परत आला की आपलं गाव विमानतळावर आधी पेट्या बघतं, मग माणूस. मला फार लाज वाटते गं. आजारी आहे म्हणून सांग.

यनवार

पाडांग पांजांग,
१ फेब्रुवारी

चि. यनवार यास अ. उ. आ.

खानावळ बुडाली ते आम्हाला तेव्हाच कळलं. आपल्या गावची पोरं जकार्तात आहेत आणि एकाच्याही तोंडाला कुलूप नाही. तू स्वतः सांगशील म्हणून वाट पाहत बसले, आणि इतकं वाईट वाटलं की तू फोन उचलायचास तेव्हाही तुला शिव्या देता आल्या नाहीत.

आता भाषण पाठ कर. त्यांचा मामा पाऊण तास बोलतो, त्याला पुरून उरलं पाहिजे. गादीवरून मांजर उठवताना येल्मीच्या हाताला ओरखडे आलेत, तेवढी तरी कदर कर. गाव पेट्या बघणारच, त्याला दुसरा उद्योग काय? विमानतळावर आम्ही दोघीच येऊ.

आणि पेटी नसली की पट्ट्यापाशी थांबावं लागत नाही. तुझ्या हिशेबातला अर्धा तास वाचला.

लोभ लिहू नकोस, घेऊन ये.

तुझी,
उनी