तक्रारीचा मायना

मैंदर्गी,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. बुद्धभूषण यास अण्णाचा सप्रेम जयभीम.

पत्र पावले. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून तू लिहितोस, हे बरं करतोस. पोस्टमनकीत जन्म गेलेल्या माणसाला पत्रच गोड लागतं.

तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत गावोगावच्या पाण्याच्या बाटल्या न तपासताच ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल जातो, हे वाचून अंगावर काटा आला. तुझी आई म्हणते, लई शाणपणा करू नगं, कष्टानं लागलेली नोकरी हाय. मी म्हणतो, साहेबांच्या वरच्यांना लिही. फक्त खाली नाव घालू नकोस आणि टाईप करून घे, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. तसंही तुझं अक्षर वाचायला मलाच चष्मा दोनदा पुसावा लागतो!

उभयतांचे आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
अण्णा

शुक्रवार पेठ, सोलापूर,
दि. २ मार्च २०२५

आदरणीय अण्णांना सविनय जयभीम.

तक्रार वर गेली आणि ‘चौकशी करून अहवाल द्यावा’ असा शेरा घेऊन आमच्या साहेबांच्याच टेबलावर परत आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचायला घेतली, पहिल्याच ओळीला थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. तेव्हापासून डबा खायला मला कुणी बोलावत नाही. परवा निलंबनाचा आदेश मिळाला. मी नमुन्याच्या बाटल्या फोडल्या म्हणे. मी एकही फोडलेली नाही.

त्यांना कसं कळलं, ते विचारू नका. आईला इतक्यात सांगू नका.

आपल्या मायेचा भुकेला,
बुद्धभूषण

मैंदर्गी,
दि. १० मार्च २०२५

चि. बुद्धभूषण यास जयभीम.

तुमच्या कचेरीतला शिपाई रेवणप्पा इकडे पाहुण्यांकडे आला होता, तो घरी येऊन गेला. पहिल्या ओळीत काय होतं, ते त्यानं सांगितलं. नाव नाही, सही नाही, आणि वर सवयीनं जयभीम. तुमच्या कचेरीत जयभीम म्हणणारा तू एकटा.

चूक माझी आहे, पोरा. लहानपणी तू मायना विसरलास की मी पोस्टकार्ड फाडून पुन्हा लिहायला लावायचो. तक्रारीत तो घालू नकोस, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. फार वाईट वाटतं. साहेबांना भेट, तक्रार माझी नाही म्हण. लागलं तर मी येऊन हात जोडतो.

तुझा दोषी,
अण्णा

शुक्रवार पेठ, सोलापूर,
दि. २४ मार्च २०२५

आदरणीय अण्णांना जयभीम.

साहेबांना भेटलो. तक्रार माझी नाही असं लिहून दे, निलंबन मागे घेतो, म्हणाले. त्याच दिवशी वरून उत्तर आलं की निनावी तक्रारीची दखल घेता येत नाही, सबब प्रकरण बंद. शिक्षा द्यायला यांना माझं नाव माहीत आहे, चौकशी करायला मात्र नाही. मला भयंकर संताप आला, अण्णा, आणि भीतीही वाटली.

लिहून दिलं नाही. तीच तक्रार परवा पुन्हा पाठवली. वर जयभीम, खाली माझं पूर्ण नाव. तुमचं काही चुकलं नव्हतं. नोकरी आता राहायची नाही. महिनाअखेर खोली सोडून येतो.

रेवणप्पानं तुम्हाला एक सांगितलं नाही, त्याला धीर झाला नसेल; मला आता सांगितलं. प्रयोगशाळेच्या कपाटात आपल्या आळीच्या नळाच्या पाण्याची बाटलीही आहे, डिसेंबरपासून सील न तोडलेली. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल केव्हाच गेलाय. आईला आता सगळं सांगा, आणि पाणी उकळूनच प्या.

तुमचाच,
बुद्धभूषण