मनीच्या नावापुढची हिरवी खूण

४ जून
झालं एकदाचं! शाळेने ती ओळख-तपासणी सक्तीची केली. मुलाचा चेहरा आणि वय एकदा तपासून घ्यायचं, मग नावापुढे हिरवी खूण येते. खूण असेल तरच इंटरनेटवरच्या त्यांच्या 'अंगणा'त जाता येणार. गृहपाठ, चित्रं, गप्पा – सगळं तिथेच. दुसऱ्या शाळांची मुलंही तिथे असणार.
सभेत मोठ्या बाई म्हणाल्या, "कुंपण घालतोय आपण. आत फक्त मुलं. मोठं माणूस शिरूच शकणार नाही."
मी विचारलं, "मुलांचे चेहरे ठेवणार कुठे?"
"सुरक्षित ठिकाणी."
"म्हणजे कुठे, बाई?"
मागून कुणीतरी हसलं. मी खाली बसले.

७ जून
माझ्या मनीचा चेहरा देणार नाही म्हणून शाळेत सांगून आले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे चेहरेच तर मोजते मी – बुबुळांमधलं अंतर, नाकाचा उतार, एक कान वर नि एक खाली. माणूस किती विश्वासाने चेहरा पुढे करतो! पण समोर मी असते. काही चुकलं तर मला येऊन धरता येतं. इथे कुणाला धरायचं?
मनीचे बाबा म्हणाले, "अगं, जग कुठे चाललंय आणि तू कुठे!" छापखान्यातली पाळी करून आलेले. एवढं बोलले आणि झोपले.

२० जून
मनी आली ती दप्तर आपटूनच. वर्गात सगळे 'अंगणा'त, आणि ही एकटी मागच्या बाकावर छापील कागद घेऊन.
"मला बिनचेहऱ्याची म्हणतात."
जेवली नाही. अकरा वर्षांची पोर, किती दिवस तग धरणार?

२१ जून
दिला चेहरा.
फोन म्हणाला, चष्मा काढा. चष्म्याशिवाय तिला आंधळी कोशिंबीर. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिचकवा, हसा – मी कानाशी सांगत गेले, ती करत गेली. पुढच्या दातांमधल्या फटीसकट हसली. हिरवी खूण आली तशी मला मिठी मारून नाचली.
मी चष्मा पुसून तिच्या नाकावर परत ठेवला.

१५ सप्टेंबर
लिहायला सवड नाही. मनी खूश आहे. तिच्या चित्राला 'अंगणा'त शाबासकी मिळाली. मीच उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होते.

२ नोव्हेंबर

दुकानात एक बाई आली. गिऱ्हाईक समजून खुर्ची पुढे केली. बसली नाही. फोन माझ्या तोंडासमोर धरला. "ही तुमची मुलगी? तिच्या शाळेतून पत्ता काढून आलेय मी."
मनी! चष्मा नाही. दातांत फट. हा फोटो आमच्या घरी कुणाकडेच नाही. हा त्या दिवशीचा. फोनने हसायला सांगितलं तेव्हाचा.
"ही माझ्या मुलीची मैत्रीण. रोज बोलायची. आधी चित्रं, मग गुपितं. मग फोटो मागायला लागली. नको तसले. माझ्या पोरीने पाठवले. आता म्हणतेय, आणखी पाठव, नाहीतर सगळ्या शाळेला दाखवते. पोर खोलीबाहेर येत नाहीये."
"अहो, मनी असं..."
"मनी कसली! ही काय लहान मुलाची भाषा आहे? पण खूण हिरवी होती हो. खूण बघूनच मी बोलू दिलं."
मग ती खुर्चीत कोसळलीच. रुमाल सापडेना. काचा पुसायचं फडकं दिलं मी तिला.

३ नोव्हेंबर
पोलीस आले. इन्स्पेक्टर बाईच होत्या, पण आवाज खडा. मनीचा टॅब घेतला. "तू कुणाला धमकी दिलीस?"
मनी माझ्याकडे बघते. "आई, मी काय केलं?"
चोर सोडून संन्याशाला फाशी!

४ नोव्हेंबर
टॅब परत. यातून काही गेलेलं नाही. कुणीतरी मनीचा चेहरा विकत घेतलाय, इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. मापं, फोटो, वय, शाळा – सगळा संच. कुठून फुटलं, आणखी कुणाकुणाला विकलं, ते सांगता येत नाही.
विकत घेतला! भाजी आहे का ती?

५ नोव्हेंबर
सकाळपासून 'अंगणा'च्या मदत केंद्राला फोन. मनीच्या नावाचं ते खोटं खातं बंद करा म्हटलं. आधी खरी मुलगी आहे हे सिद्ध करा, म्हणे. चेहरा दाखवा. मनीला समोर बसवलं. डावीकडे, उजवीकडे, मिचकवा. हसा म्हणाला तेव्हा ती हसली नाही. मी हसवलंच नाही.
उत्तर आलं – 'हा चेहरा आधीच वापरात आहे.'
मनीचे बाबा एकदम हसले. मीही. किती घाणेरडं हसलो आम्ही!
फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पासवर्ड बदलून बघा."
"पासवर्ड बदलते रे. चेहरा कसा बदलू?"
"तक्रार पुढे पाठवलीये."
मनीचे बाबा पाळीला गेले नाहीत. दारात चप्पल घालून तसेच उभे होते. म्हणाले, "कुंपणच शेत खातंय गं."

९ नोव्हेंबर
मनीने केस कापले. स्वतःच, स्वयंपाकघरातल्या कात्रीने. न्हाणीघरात केसच केस.
"आता मी तिच्यासारखी दिसत नाही ना?"
तिच्यासारखी!
ओरडले नाही. मागे बसून केस सारखे करून दिले. मान किती बारीक आहे तिची.

१२ नोव्हेंबर
मोठ्या बाईंनी बोलावलं. मनीला काही दिवस घरीच ठेवा, म्हणाल्या. "तिच्याच भल्यासाठी. पालक फोन करतायत."
"कुंपणाचं काय झालं, बाई?"
टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या.

१८ नोव्हेंबर
त्या बाईचा फोन. तिच्या मुलीने घरातल्या सगळ्या गोळ्या घेतल्या. वाचली.
दुकान तसंच टाकून गेले. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी. निघताना ती म्हणाली, "तुमच्या मुलीला आणाल? खरी कशी आहे ते बघू दे माझ्या पोरीला."

२० नोव्हेंबर
नेलं. मनी रस्त्यात म्हणाली, "ती मला मारेल का?"
हाताला सलाइन, ओठ कोरडे. मनीला बघितल्याबरोबर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मनी पलंगाच्या पायथ्याशी, चष्मा सावरत.
"मी ती नाहीये."
"माहितीये."
मग भिंतीकडे बघूनच –
"तुझ्याकडे मांजर आहे?"
"नाही."
"तिच्याकडे होतं. आजारी होतं ते. मी त्याच्यासाठी रडले होते."
मनीला काय वाटलं कोण जाणे, जाऊन पलंगाच्या कडेला बसली. आम्ही दोघी आया खिडकीबाहेर बघत राहिलो – खाली गाड्या लावायच्या जागेशिवाय काहीही नव्हतं तिथे.

२७ नोव्हेंबर
सापडला!! इन्स्पेक्टर बाईंचा सकाळी फोन. कोठडीत आहे. चांगला बायकोमुलांचा माणूस. त्याच्याकडे मनीसारखे आणखी कितीतरी चेहरे. त्या मुलीचे फोटोही जप्त झाले.
"आणि मनीच्या नावाचं ते खातं?"
"कळवलंय कंपनीला. होईल बंद."
मनी दोनदा भात घेऊन जेवली. तिचे बाबा पाळीला गेले, जाताना चक्क शीळ घालत. आज घरात माणसं राहतात असं वाटलं.

२८ नोव्हेंबर
दुपारी दुकानात त्या बाईचा फोन. आवाज ओळखू येईना.
तिच्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीला आत्ता, जेवणाच्या सुट्टीत, 'अंगणा'त निरोप आलाय. 'हाय! मी मनी. माझी मैत्रीण होशील?' हिरवी खूण आहे.
तो कोठडीत आहे. मनी माझ्या शेजारी स्टुलावर बसून काचा पुसतेय.