भिंतीपलीकडचा टीव्ही

नाना,

छपरावरची डिश अजून आहे. बंद आहे, पण आहे. गेल्या वर्षी आम्ही टीव्हीचं पॅकेज रद्द केलं तेव्हा कंपनीनं घरातला डबा परत मागवला आणि डिश राहू द्या म्हणून सांगितलं. दक्षिणेचा वारा सुटला की ती खडखडते, आणि इथे परदेशात, या लोअर हट शहरात, तो वारा सुटला नाही असा आठवडा जात नाही. नवरा म्हणतो, शिडी आणून काढून टाकू. मी म्हणते, राहू दे. त्याला वाटतं, तुमच्या आठवणीसाठी मी ती ठेवली आहे. तसं नाही. ती डिश तुमच्यासाठी लावली होती आणि आईसाठी कधी कुणी काही लावलं नव्हतं, हे मला विसरायचं नाही, म्हणून ती तिथे आहे.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण स्वतःच्या भाषणांतली फक्त टाळ्यांची ठिकाणं तुमच्या लक्षात राहायची. शिक्षकांच्या वसाहतीत गणपतीच्या मांडवात तुम्ही टीव्हीवर बोलला होतात. मी पुढच्या सतरंजीवर बसले होते. ही पेटी माणसाला ऐकायला शिकवते आणि बोलायचं विसरायला लावते, असं तुम्ही म्हणालात. मग आवाज खाली आणून, जसा तुम्ही शेवटी नेहमी आणायचात, म्हणालात, "ज्या दिवशी ही पेटी माझ्या घरात येईल, त्या दिवशी मी शिकवणं सोडीन." काय टाळ्या पडल्या त्या वाक्याला. मला तुमचा एवढा अभिमान वाटला की रडू आलं. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक करून टीव्ही घेतला. तुम्ही घेतला नाहीत. तुम्ही शब्दाचे पक्के होतात. तो शब्द कुणाच्या जिवावर पाळला जात होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमचं स्वयंपाकघर आणि शेजारच्या काकूंची बाहेरची खोली यांच्यामध्ये एकाच विटेची भिंत. संध्याकाळी तुम्ही दादाला आणि मला एकेक विषय देता, पाटावर उभं करता आणि बोलायला लावता. "हात खिशात नको. शेवटच्या माणसाकडे बघ." आईला तो पाट कधी मिळाला नाही. ती आत पोळ्या लाटत असते. गुरुवारी साडेआठला भिंतीपलीकडे एका मालिकेचं शीर्षकगीत सुरू होतं आणि आईचं लाटणं थांबतं. दोन सुना, एक सासू, परगावी गेलेला मुलगा, अशी काहीतरी ती मालिका. आई भिंतीला डोकं टेकून उभी राहते. मधे कुकरची शिट्टी झाली तर कुणाचं तरी वाक्य बुडायचं, म्हणून ती गॅस बारीक ठेवते. जाहिरातीचं गाणं लागलं की मोठा करते. शिट्ट्या भराभर होतात, गाणं संपतं, गॅस पुन्हा बारीक. कधीही न पाहिलेल्या टीव्हीच्या जाहिरातींवर आमच्या घरातला भात शिजत होता, नाना. आणि भिंतीवर, तिचं डोकं टेकायचं तिथे, खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडला होता. दर दिवाळीला तुम्ही स्वतः चुना लावायचात. दर दिवाळीला तो डाग झाकायचात. हा डाग कशाचा, असं विचारलेलं मला आठवत नाही.

काकूंकडे जाऊन बसायला तिला काही अडचण नव्हती. काकू बोलवायच्या. ती म्हणायची, "नको बाई, ह्यांनी मांडवात एवढं बोलून ठेवलंय. माझ्यापायी ह्यांचं हसं व्हायला नको." मग काकूच गुरुवारी आवाज मोठा करायच्या आणि शुक्रवारी सकाळी नळावर विचारायच्या, "काय वहिनी, काल नीट आलं का?" एकदा आईनं भीत भीत विचारलं, "ती थोरली सून दिसते कशी हो?" काकू म्हणाल्या, "गोरी आहे. नाक जरा बसकं." आईचा चेहरा पडला. "अगं बाई. मी सावळी धरली होती. आवाज सावळीचा आहे." दिवसभर ती तेच म्हणत होती. आम्हाला ती मालिकेची गोष्ट सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून, आणि सून सावळीच सांगायची.

मी एकदा काकूंच्या खिडकीत उभी राहून पाहत होते. तुम्ही मला हाताला धरून घरी आणलंत. मारलं नाहीत, तुम्ही कधीच मारलं नाहीत. पाटावर उभं केलंत आणि विषय दिलात, "मी टीव्ही का पाहत नाही". मी रडत रडत बोलले. तुम्ही चुका काढल्यात, पुन्हा बोलायला लावलंत. त्याच भाषणाला पुढे तालुक्यात माझा पहिला नंबर आला. ढाल घेऊन घरी आले तेव्हा आईनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तिच्याकडचं एकुलतं एक सुख कसं हीन आहे, हे सांगून मी ती ढाल मिळवली होती, आणि ती माझी दृष्ट काढत होती.

मी नोकरीला लागले त्या वर्षी ती गेली. तिनं टीव्ही अजिबात पाहिला नसेल असं नाही, कुणाच्या लग्नघरात पाहिला असेल. पण स्वतःच्या घरात, पाय पसरून, एकदाही नाही. आणि तिचं वर्षश्राद्ध झालं तसा तुम्ही रंगीत टीव्ही आणलात, केबल जोडून घेतलीत. शिकवणं तेव्हा तसंही सुटलं होतं, निवृत्तीनं. म्हणजे शब्दही मोडला नाही. मी इथे आल्यावर रविवारी फोन करायचे, तर तुम्ही म्हणायचात, "ब्रेक लागला की बोलू." मी हातात फोन धरून तुमच्या मालिकेतलं भांडण ऐकत बसायचे. ऐकायला शिकवणारी पेटी, नाना. बोलायचं विसरायला लावणारी.

२०११ मध्ये तुम्ही इथे आलात तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलंत, "मराठी चॅनेल दिसत नाही का तुमच्याकडे?" मी डिश लावून घेतली. माणूस आला, कमरेला पट्टा, अर्धी चड्डी, "किआ ओरा" असा इथला नमस्कार करत सरळ शिडीवर. तुम्ही लॉनवर कानटोपी घालून उभे राहून त्याला मराठीतून दिशा दाखवत होतात. तो हसून म्हणाला, "नो वरीज, बॉस, इकडे सगळ्या डिश उत्तरेकडेच." खाली उतरल्यावर त्यानं मला विचारलं, "फॉर युअर डॅड? गुड ऑन यू." शेजारच्या बाईही म्हणाल्या, किती करता वडिलांसाठी. मी नुसती मान हलवली. तुमच्यासाठी त्या छपरावर डिश चढताना मी काय पाहत होते हे त्यांना इंग्रजीत सांगता आलं नसतं, आणि मराठीतही सांगून झालं नव्हतं.

मग तो शनिवार. आदल्या दिवशीच्या मालिका इथे दुपारी पुन्हा लागायच्या. तुम्ही हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, कुकर गॅसवर. ऐन संवादात शिट्टी झाली. तुम्ही वळलातही नाही. म्हणालात, "जाहिरात लागेपर्यंत थांबवायची. तुझी आई थांबवायची."

मी हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आले, तोवर जाहिराती लागल्या होत्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहत होतो. माहीत नसायला काय झालं?"

"ती भिंतीला डोकं लावून उभी राहायची, हे माहीत होतं तुम्हाला?"

"गुरुवारी मी तुम्हा दोघांना मनात वाचायला का लावायचो मग?" तुम्ही म्हणालात. "तिला नीट ऐकू यावं म्हणून. तुझा आवाज काय कमी होता?"

मला आठवलं. गुरुवारी साडेआठला तुम्ही हात वर करायचात. "आता अर्धा तास मनात वाचायचं." पाट भिंतीशी जायचा. मला वाटायचं, गुरुवार म्हणजे वाचनाचा वार, मोठ्या वक्त्याला मौनही यावं लागतं, असं काहीतरी त्यामागे असेल. माझ्या भाषणांत मी ते कितीदा सांगितलंही आहे, माझ्या वडिलांनी मला बोलण्याआधी गप्प राहायला शिकवलं म्हणून.

"एवढं कळत होतं तर टीव्ही आणायचा होतात ना," मी म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "चारचौघांत बोलून बसलो होतो." आणि जाहिराती संपल्या म्हणून हात वर केलात. मला गप्प करायला. मी गप्प झाले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, सातारला, दवाखान्यात, आणि ते संभाषण तिथेच राहिलं.

मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. तुम्हाला काही दिसतच नाही, तुम्ही पुस्तकातले मानी गृहस्थ आहात, असं समजून मी तुम्हाला एका कोपऱ्यात ठेवून दिलं असतं. पण तुम्हाला दिसत होतं. तुम्ही तिच्यासाठी अर्धा तास शांतता करून दिलीत आणि ते पुरेसं मानलंत. ती गेली तोपर्यंत मांडवातले ऐकणारे अर्धे बदली होऊन गेले होते, उरलेल्यांना तुमचं वाक्य आठवतही नव्हतं. त्या विसरलेल्या लोकांसमोर तुम्ही ताठ उभे राहिलात, आणि ती भिंतीला टेकून.

आता माझं ऐका. गेल्या वर्षी डिश बंद केली ती मी. जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, कुणाला विचारलं नाही. त्याऐवजी इंटरनेटवरचं काय ते, हवं तेवढंच, निवडून. मग इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यावर बोललेही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घेताना एक ओळखीची मुलगी इथल्या बोलीत म्हणाली, "हीप्स छान बोललात, मावशी." नवरा म्हणाला, "भाषण उत्तम. आता क्रिकेट कुठे बघायचं तेवढं सांग." आणि खरं सांगते, टीव्ही पाहणं निम्म्याहून कमी झालं. मी वाचते जास्त. बातम्यांतल्या आरडाओरड्यानं डोकं उठत नाही. तुमचं तत्त्व खरं होतं, नाना. हेच मला सगळ्यांत जास्त डाचतं. चूक असतं तर सोपं होतं.

पण घर कसं झालंय ते सांगते. नवरा ट्रेनमधून येतानाच त्याचं पाहून संपवतो. मुलगी खोलीत कानात बोंडं घालून बसते, मधेच एकटी हसते, कशाला हसली ते कळत नाही. भिंतीतून काही येत नाही. इथे कुणाला चोरून ऐकायचं असेल तर ऐकण्यासारखं काही नाही. मी यावर बोलायला लागले की मुलगी म्हणते, "आई, यू आर नॉट अ‍ॅट द मंडळ. इनसाइड व्हॉइस, प्लीज. हळू बोल." एकदा म्हणाली, "डॅड म्हणतो, तू आजोबांसारखी बोलतेस." मी विचारलं, तुला आजोबा आठवतात का? ती म्हणाली, "नॉट रिअली. ही वॉच्ट अ लॉट ऑफ टीव्ही."

मागच्या महिन्यात नवऱ्यानं शोधून काढलं, आईची ती मालिका आता नेटवर आहे. सगळी, पहिल्यापासून. "बघ की," तो म्हणाला, "आईची बघायची राहिली ना." मी ती टीव्हीवर लावते आणि स्वयंपाकघरात जाते. पाहत नाही. थोरल्या सुनेचं नाक कसं आहे ते मला बघायचं नाही. जाहिराती काढून टाकल्या आहेत. जिथे त्या असायच्या तिथे क्षणभर आवाज जातो आणि लगेच पुढचा प्रसंग. तेवढ्यात कुकरची एक शिट्टीही होत नाही. आई असती तर तिचा भात कच्चा राहिला असता. मी कुकर आधीच उतरवून ठेवते.

काल मालिका लावली तेव्हा मुलगी हॉलमध्ये शाळेच्या भाषणस्पर्धेची तयारी करत होती, मोठ्यानं, हातवारे करून. बरी बोलते. शेवटच्या माणसाकडे बघते, हे तिला कुणी शिकवलं नाही. स्वयंपाकघरात मला एक वाक्य ऐकू आलं नाही, मग दुसरं. मी दारात गेले, हात वर केला आणि म्हणाले, "आता अर्धा तास मनात वाच."

"व्हाय?"

"लागतं."

तिनं खांदे उडवले आणि कागद घेऊन सोफ्यावर बसली, ओठ हलवत. मी आत आले. भिंतीशी उभी राहिले.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. समोर असतात तर लिहिलं नसतं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. फक्त, काल ते वाक्य माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघालं, घर गप्प झालं, आणि त्या अर्ध्या तासात मला सगळं नीट ऐकू आलं.