टकटक कुठून येते

झरी, १२ नोव्हेंबर २०१७

प्रिय लाहूदादा,

फोनवरचं तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. चार कागद फाडले, हा पाचवा. घोलवडला चिकूच्या पेट्या भरून तुझी पाठ दुखते, असं आई सांगत होती. आपलं गॅरेज मी फक्त रविवारी उघडते, हवा आणि ऑइलपुरतं.

आज नारूमामा एप्रिलमधली तीच मोटरसायकल घेऊन आले. तीच टकटक. म्हणाले, "तुझ्या दादाने इंजिन उघडलं तरी आवाज गेला नाय. आता कॉलेजवाली काय उघडते बघू!" मी काहीच उघडलं नाही. सायलेन्सर इंजिनला जोडतो तिथे काजळी दिसली. ओलं फडकं दाबलं, तर आवाज दबला. तिथून हवा फुटत होती, दादा. नवीन पॅकिंग घातलं, दोन नट आवळले, टकटक बंद. मामा झाईच्या बंदरावर गेले आणि तासाभराने बोंबील घेऊन परतले.

एप्रिलमध्ये तू मला खुणेने विचारलंस, आवाज कुठून? मला कळलं नव्हतं. पण तू सगळ्यांना सांगायचास, "माझे कान कॉलेजात जातात," म्हणून मी ठामपणे इंजिनच्या माथ्यावर, आतल्या टॅपेटच्या जागी बोट ठेवलं. तू इंजिन उघडलंस, टॅपेट आवळलंस, टकटक तशीच राहिली. मामा चारचौघांत तुझ्यावर ओरडले. तू म्हणालास, "माझीच चूक." मी खाली मान घालून ऑइल मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी तू शटर ओढलंस. आज बोंबील हातात घेऊन मी मामांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग हे मला नको सांगू, त्याला सांग."

त्यासाठीच हे पत्र. आणि आणखी एक. दुपारी कानांत कापूस कोंबून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. टॅपेट सैल असेल तर दातांत ठोके बसतात, हवा फुटत असेल तर बसत नाहीत. तीन गाड्यांवर करून पाहिलं. उघड्या कानांनी मी फसले, तू दातांनी फसला नसतास. डहाणूच्या डॉक्टरांनी कानामागच्या हाडाला तो घणघणणारा चिमटा टेकवला, तेव्हा तुला ऐकू आलं होतं ना?

येत्या रविवारी ये. मामांच्या भावाची गाडी खडखडतेय, ती तुझ्यासाठी ठेवून घेतली आहे. कुठून ते मी सांगणार नाही. पाना मात्र मी धरेन.

तुझीच,
धाकली