सिंगापूरची सहल आणि राहून गेलेला आग्रह

तासगाव, मंगळवार

तीर्थरूप राहीअक्कांच्या पायाशी, त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे भाऊसोचा, मित्र (आणि म्हणून आपोआपच धाकटा भाऊ) आकाराम याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला माणूस लागतो आणि तो आता घरात नाही. आपले गुडघे कसे आहेत? फलटणला थंडी पडली का? उसाला तोड मिळाली का? आपला लेक मल्हार तुम्हाला औषधं वेळेवर देतो ना? माझी प्रकृती वयाच्या मानानं उत्तम आहे. निदान डॉक्टर तसं म्हणतात आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारतात. आमच्या शंभूराजची पलटण अजून आसामातच आहे, तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि 'जेवलात का' असं विचारतो. जेवणाची वेळ नसली तरी मी 'हो' म्हणतो. पत्र कशाला लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा दोघांच्या सोयीचं हेच.

भाऊसो पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कायमचा हैदराबादला लेकीकडे, रेश्माकडे, चालला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. द्राक्षबाग त्यानं पुतण्याकडे सोपवली, कुत्रं शेजारच्या हरणाबाईंना दिलं, आणि मला कुणाकडे द्यायचं ते अजून ठरायचं आहे. तर, गाव सोडण्याआधी आजोबांनी जिवलग मित्राबरोबर दोन दिवस मजा करावी म्हणून रेश्माच्या ऋषिराजनं आम्हा दोघांना शनिवार-रविवार सिंगापूरला धाडलं. सोबत एक छापील कागद दिला होता. त्यावर सकाळी 'आराम', दुपारी 'आराम' आणि संध्याकाळी 'मनाला येईल ते' असा कार्यक्रम होता. अक्का, आमच्यातला तो फौजेतला सुभेदार आणि मी तीस वर्षं एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, भोंग्यावरून गाड्यांच्या वेळा सांगणारा. 'मनाला येईल ते' ही वेळ आमच्या कुठल्याच वेळापत्रकात कधी आली नव्हती. (भाऊसोनं त्या जागी पेनानं 'हजेरी, सहा वाजता' असं लिहिलं. हजेरीला मी एकटाच.)

पहिला घोटाळा विमानातच झाला. एक मुलगी जेवणाचा गाडा ढकलत आली आणि हसून जेवण हवं का म्हणाली. भाऊसो म्हणाला, "नो, नो." मीही म्हणालो, "नो." (पहिल्याच बोलावण्याला ताटावर बसायला आम्ही काय दुष्काळातून आलो होतो?) ती 'ओके' म्हणाली आणि गाडा पुढे गेला. आम्ही दोघं मांडीवरचे हात नीट करून वाट बघत बसलो. मागच्या माणसानं पहिल्याच विचारण्याला ताट घेतलं, वर पाव मागितला.

"गड्या, ही परत यायची न्हाई," मी म्हणालो.

"थांब रं. आपल्यात तीनदा विचारत्यात."

"आपल्यात. ही आपल्यातली हाय का?"

गाडा परत आला तेव्हा त्यात उष्टी ताटं होती. मग भाऊसोनं पिशवीतल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पहिली चपाती त्यानं माझ्यापुढे धरली आणि मी 'नको' म्हणालो. त्यानं पुन्हा धरली, पुन्हा धरली, तेव्हा मी घेतली. समुद्रावर इतक्या उंचावर रीत पाळणारे आम्ही दोघंच असू.

हॉटेल उत्तम. भाऊसोनं सकाळी आपला पलंग असा करकरीत लावला की साफसफाईच्या बाईंना वाटलं, इथं कुणी झोपलंच नाही. त्यांनी माझ्या विस्कटलेल्या पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सोबतच्या म्हाताऱ्याला फरशीवर निजवतो. मला काही इंग्रजीत समजावता येईना. भाऊसोला येत होतं, पण तो चादरीचा कोपरा ताणत बसला. शहराबद्दल काय लिहू? इतकं स्वच्छ की मला शिंकायचा संकोच वाटला. झाडं ओळीत, माणसं ओळीत, पावसाचं पाणीसुद्धा ओळीत जातं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. पाणी पाहून मला पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवली. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, आमचे गुरुजी प्रत्येक कविता बाकावर वाटून द्यायचे. डावीकडच्यानं पहिली दोन कडवी पाठ करायची, उजवीकडच्यानं शेवटची दोन. मी डावीकडे, भाऊसो उजवीकडे. त्यामुळे आजही मला कुठल्याही कवितेची फक्त सुरुवात येते आणि त्याला फक्त शेवट. (सुरुवातीला झाडं, पाखरं, चांदणं असतं, तात्पर्य शेवटी येतं. म्हणून मी असा राहिलो आणि तो तसा झाला.) मी सुरू केली, त्यानं संपवली. बाजूच्या एका चिनी आजीबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी हरखून गेलो आणि पुढची कविता आठवू लागलो, तेवढ्यात भाऊसो पाण्याकडे बघत म्हणाला, "रेश्मा लय मागं लागलीया. जातो मग." मला ती पाखराची की पहाटेची, यातच गोंधळ होत होता. मी म्हणालो, "हां."

रविवारी सकाळी आम्ही जमिनीखालची आगगाडी बघायला गेलो. अक्का, डोळे निवले! गाडी ठरल्या मिनिटाला आली, ठरल्या मिनिटाला गेली. दारात लोंबकळणं नाही, खिडकीतून रुमाल टाकणं नाही, 'मास्तर, एकच मिनिट, म्हातारी येतीया' नाही. मी चार गाड्या नुसत्या सोडल्या, बघण्यासाठी. चौथीच्या वेळी भाऊसो म्हणाला, "पुढच्या महिन्यात मीबी असाच जाणार बघ." आणि मी, तीस वर्षांचा नोकरदार गाढव, घड्याळ बघून काय म्हणालो असेन? "वेळेवर गेलेलं केव्हाही बरं."

दुपारी हॉटेल सोडायचं होतं. काउंटरवरच्या मुलीला किल्ली देऊन भाऊसो चक्क मराठीत म्हणाला, "येतो मग." ती म्हणाली, "थँक यू सर, बाय बाय." भाऊसो हलेना. त्यानं बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "निघतो बरं का." ती हसली. तो तिसऱ्यांदा म्हणाला, "जातोच आता." तेव्हा तिनं घाबरून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं बिचाऱ्यानं कागद तपासले, एका माणसाला खोलीत काही राहिलंय का ते बघायला पिटाळलं, शेवटी आम्हाला पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. मी भाऊसोला बाहीला धरून बाहेर काढलं.

"दोन दिवस ऱ्हायलो गड्या हितं. 'जेवून जावा' ऱ्हाऊ दे, 'येवढी काय घाई' येवढंबी न्हाई?"

"अरं, खोलीत दुसरं गिऱ्हाईक यायचं असंल."

"येऊ दे की. मी काय खरंच ऱ्हानार हुतो व्हय? पर तोंडानं म्हणायला काय जातंय?"

असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. अक्का, त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी पासपोर्ट कुठल्या खिशात आहे ते चाचपत होतो.

काल तासगावच्या स्टँडवर आम्ही उतरलो. तो म्हणाला, "येतो मग." मी म्हणालो, "ये." तो बॅग खाली ठेवून थोडा वेळ उभा राहिला, मी नव्या वेळापत्रकाची पाटी वाचत राहिलो, आणि मागं वळून बघितलं तर तो गेलेला. घरी आलो, कुलूप काढलं, तानूच्या फोटोला 'आलो गं' म्हटलं (बायको जाऊन चार वर्षं झाली, तरी म्हणतो आहे), एक बूट काढला, आणि दुसरा काढताना माझ्या ध्यानात आलं. दुसरा बूट अंधार पडेपर्यंत पायातच होता.

तो मला सल्ला विचारत नव्हता, अक्का. जायचं त्याचं ठरलेलंच आहे. तो नुसता दारात उभा होता, आणि मी घरचा माणूस असून 'थांब' म्हणालो नाही. आपल्याकडे वीज-मीटर बघायला आलेल्यालासुद्धा आपण 'बसा की, चहा टाकलाय' म्हणतो. मला वाटायचं, लेकीकडे सुखानं निघालेल्या माणसाला अडवणं म्हणजे आपला स्वार्थ. आणि खरं सांगायचं तर स्वार्थच आहे. तो गेल्यावर माझ्या सगळ्या कविता दुसऱ्या कडव्याशी येऊन उभ्या राहतील. पण स्वार्थ असला तरी तो बोलून दाखवायची रीत आहे ना? आता मुद्दाम जाऊन म्हणावं, तर साठ वर्षांत आम्ही एकमेकांना असलं काही बोललो नाही. एकदम बोललो तर त्याला वाटेल, डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलंय.

असो. सहल फार आरामाची झाली. मल्हारला आशीर्वाद, सुनेला आशीर्वाद, आपल्या गुडघ्यांना आराम पडो.

आपला,
आकाराम

ता. क. भाऊसो पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला तुमचा निरोप घ्यायला फलटणला येईल. तेव्हा त्याला सांगा, 'आकाराम म्हणतो, थांब.' माझ्या नावानं सांगा, तीनदा सांगा, आणि जरा चढ्या आवाजात. पत्र खरं यासाठीच. बाकीचं पान भरावं म्हणून लिहिलं.

दुसरा ता. क. त्यानं हो म्हटलं तर मात्र अजिबात ऐकू नका. तिथं लेक गरम वाढेल. इथं तो सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करतो आणि मला 'झकास जेवलो' म्हणून सांगतो. (मीही त्याला तेच सांगतो.) आग्रह करणाराच शेवटी पाहुण्याची बॅग उचलून त्याला गाडीत बसवतो.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि फाटकात भाऊसो. "पोस्टाकडं चाललोय, काय टाकायचं हाय का?" पाकिटावर तुमचं नाव, म्हणून मी त्यावर बसलो. म्हणालो, "न्हाई." तो म्हणाला, "बरं, येतो मग." अक्का, मी उठलो (डिंक ओला असल्यामुळे पाकीटही माझ्याबरोबर उठलं) आणि "थांब की!" म्हणालो, इतक्या मोठ्यानं की भोंगासुद्धा लाजला असता. तो दचकला. "काय झालं रं? दुखतंय का कुठं?" मी म्हणालो, "न्हाई. सहज." तो फाटकाची कडी धरून उभा राहिला, ती दोन-तीनदा वरखाली केली, आणि म्हणाला, "आता नगं गड्या. गॅसवर दूध ठिवून आलोय." आणि गेला. (गॅसवर दूध ठेवून पोस्टात कोण जातं?) तेव्हा एकदा झालं. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणा. तिसऱ्यांदा मी वीस तारखेला म्हणेन, गाडी हलल्यावर, म्हणजे त्याला उतरता येणार नाही.