पांढरी नी-कॅप

रविवार, संध्याकाळ. घाटंजी.

आज पुन्हा हारलो. लागोपाठ पाचवा सामना. वीट आला या संघाचा.

पानठेल्यावर सारे जमले होते. कोणी कोचले शिव्या देऊन राह्यलं होतं, कोणी पंचाले. माह्या डोळ्यासमोर मात्र पिंटूची नी-कॅप. पिंटू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षाचा भाचा, आपल्या कबड्डी संघाचा मुख्य रेडर. मातीचं मैदान, पाच सामने, अन् गुडघ्यावरची नी-कॅप अजून पांढरीफटक. म्हणजे गडी एकदाही पकडीत गेला नाही. रेषा ओलांडते, हात हलवते, वापस येते. याले काय रेड म्हणावं?

अन् तांड्यावरचा कैलास पाचही सामने बाहेर बसून. सरावातच त्याचे गुडघे सोलून निघाले. त्याले नी-कॅप कोणी देल्ली नाही.

ठेलेवाला गजू म्हणे, "तो कैलास तिघाले ओढून आणते. त्याले काहून नाही खेळवत?"

मी म्हटलं, "निवड समितीले विचार."

गजू पानाले चुना लावत होता. मान वर न करता म्हणाला, "समितीत त तुमीच हाये ना, मास्तर?"

मी पान न घेताच निघालो.

निवड अध्यक्षाच्या घरीच झालती, पोहे खाता खाता. त्यायनं सरळ विचारलं होतं, "पिंटूबद्दल कोणाले काही बोलायचं हाये काय?"

मी बोललो होतो ना. थोडी तर्री वाढा म्हटलं होतं.